घाटघरचं पाणी की कंटेनरमधली बॅटरी?

दुपारी सोलरची वीज उतू जाते आणि संध्याकाळी सातला सगळ्यांचे पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू, मग दुपारची वीज ठेवायची कुठे हा खरा प्रश्न. आपल्याकडे २००८ पासून घाटघरचा पाण्यातून वीज साठवणारा प्रकल्प आहे. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापूरकडे, मध्ये सह्याद्रीचा कडा, वीज जास्त असली की पाणी वर चढवायचं आणि लोड वाढला की तेच खाली सोडून २५० मेगावॉट घ्यायचे. या फेऱ्यात शंभरातली वीस-पंचवीस युनिटं जातात, जाऊ देत, पण असं काम पन्नास वर्षं सहज चालतं, म्हणून माझा कल तिकडेच. फक्त डोंगर लागतो, जंगलाची परवानगी लागते, आणि बांधायला वर्षंच्या वर्षं.

लिथियम बॅटरीला डोंगर नको. साउथ ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची १०० मेगावॉटची बॅटरी २०१७ मध्ये करारानंतर १०० दिवसांच्या आत उभी राहिली! विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढून ग्रिडची फ्रिक्वेन्सी (एसी विजेची लय) घसरली की सेकंदाच्या आत वीज देते, तिथे पाणी मागे पडतं हे कबूल. पण तेव्हा ती १२९ मेगावॉट-तासांची होती, म्हणजे फुल जोरात सव्वा तासात रिकामी, मग रात्रभर काय करायचं? शिवाय दहा-पंधरा वर्षांनी सेल बदलायचे ते वेगळंच.