अळ्या ठेवायचा भोकांच्या झाकणाचा डबा, ३ महिने वापरून

गळाला लावायच्या अळ्या ठेवायला पुण्यातल्या पेठेतल्या एका दुकानातून हा प्लास्टिकचा डबा घेतला, आणि खरंच सांगतो, याआधी किती अळ्या फुकट घालवल्या असतील! आधी साध्या हवाबंद डब्यात ठेवायचो तर एका रात्रीत गुदमरून मरायच्या, वर तो अमोनियाचा वास. ह्याच्या झाकणाला बारीक भोकं आहेत, हवा खेळती राहते पण अळी बाहेर येत नाही.

पण नुसता डबा घेऊन भागत नाही हां. एक तृतीयांशच भरा, जास्त भरल्या की स्वतःच्याच उष्णतेने तापतात आणि घाम सुटल्यासारख्या ओल्या होतात, आणि ओली अळी सरळ भिंतीवर चढते, कोरडी असली की गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरते. म्हणून मी घेतल्या घेतल्या चाळून घाण काढतो आणि गव्हाचा कोरडा कोंडा घालतो, दोन दिवसांनी बदलतो.

फ्रीज मात्र हवाच, २ ते ४ डिग्री, थंडीत त्या सुस्त पडतात. एप्रिलच्या उन्हात गाडीत राहिल्या तर भराभर तपकिरी कोष होतात. ते फेकू नका, ताजे कोष पाण्यात बुडतात आणि माशांना आवडतात, एकदम काळे झालेले तरंगतात.

तक्रार एकच, झाकणाची कडी ढिली आहे, मी वरून रबर लावतो. घरच्यांसाठी म्हणून फ्रीजमध्ये अळ्यांना वेगळा कप्पा ठेवलाय. उजनी धरणावर चिलापी मासा पकडायला जाणाऱ्यांनी नक्की घ्या.