फोनऐवजी स्मार्टवॉच: घ्यायच्या आधीचा हिशेब

फोनचा नाद कमी करायचा म्हणून स्मार्टवॉच घ्यावं का, असं विचारणारे हल्ली बरेच असतात. त्याआधी एक ठरवावं लागतं. फोन काही तास सोबत नको आहे, की मुळात फोनच नको आहे? काही तासांपुरतं घड्याळ आता चांगलं पुरतं. फोन कायमचा सोडायचा असेल तर मात्र ते उपयोगाचं नाही. लोक त्यासाठी छोट्या स्क्रीनला दोष देतात, पण खरी अडचण स्क्रीनच्या आधीच सुरू होते.

पहिला घोळ खरेदीतच होतो. खोक्यावर ‘कॉलिंग’ असं ठळक छापलेलं असतं आणि माणूस समजतो की आता फोन घरी ठेवून निघता येईल. स्वस्त घड्याळांतलं हे कॉलिंग बहुतेक वेळा ब्लूटूथवरचं असतं. म्हणजे कॉल फोनवरच येतो, घड्याळ फक्त माइक आणि स्पीकरचं काम करतं. फोन दुसऱ्या खोलीत असेल तोवर ठीक, तुम्ही रस्त्यावर आलात की संपलं. फोनशिवाय बोलायचं तर घड्याळात स्वतःचं मोबाइल नेटवर्क हवं. त्यासाठी ई-सिम (कार्ड न घालता आतच बसवलेलं सिम) असलेलं मॉडेल घ्यावं लागतं, तुमच्या मोबाइल कंपनीची तशी सोय असावी लागते आणि बहुतेक ठिकाणी वेगळं शुल्कही भरावं लागतं. एकाच नावाचं घड्याळ अनेकदा दोन प्रकारांत मिळतं, एक नुसतं जीपीएसचं आणि दुसरं सेल्युलर, म्हणजे स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलेलं. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच, त्यामुळे नाव नव्हे, प्रकार वाचून घ्या.

समजा, सेल्युलर घेतलं. तरी ते स्वतंत्र झालं असं नाही. ॲपल वॉच नेहमीच्या पद्धतीने सुरू करायलाच आयफोन लागतो. घड्याळ सेल्युलर असलं, तरी साधे एसएमएस आणि इतर ॲपच्या सूचना त्यावर पोचायला तुमचा आयफोन कुठेतरी चालू आणि नेटवर्कवर असावा लागतो. घरी फोनची बॅटरी उतरली की इकडे मनगटावरचा ओटीपी अडकला. २०२० पासून घरातल्या एकाच्या आयफोनवरून मुलांचं किंवा वडीलधाऱ्यांचं घड्याळ सुरू करून देता येतं, पण तिथेही कुणाचा तरी आयफोन लागतोच. वेअर ओएस या गूगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीवरची सॅमसंगसारखी आजची घड्याळं अँड्रॉइड फोन मागतात. व्हॉट्सॲपचं वेअर ओएसवरचं ॲप २०२३ मध्ये आलं आणि ते फोन जवळ नसतानाही चालतं. पण खातं मूळ फोनचंच. तो फोन १४ दिवसांपेक्षा जास्त काळ वापरला नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. थोडक्यात, फोन कपाटात पडून राहिला तरी चालेल, पण तो जिवंत हवा.

आता बॅटरी. मोठ्या फोनमध्ये साधारण ४००० ते ५००० एमएएचची बॅटरी असते, घड्याळात तीनशे ते सहाशेची. फोन जवळ असताना घड्याळ ब्लूटूथवर निवांत चालतं. तो दूर गेला की घड्याळाला टॉवरशी स्वतः बोलावं लागतं आणि त्याचा इवलासा अँटेना मनगटाला चिकटलेला असल्याने शरीरही थोडा सिग्नल खातं. त्यामुळे रेडिओला जोर लावावा लागतो. ‘१८ तास’ हा ॲपल वॉचचा बरीच वर्षं छापला गेलेला आकडा मिश्र वापराचा आहे, दिवसभर फोनविना फिरण्याचा नव्हे. सिरीज ६ च्या वेळी खुद्द ॲपलनेच एलटीईवर, म्हणजे घड्याळाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कवर, सलग बोलण्याचा वेळ दीड तास दिला होता. नवी घड्याळं पुढे गेली आहेत, पण गणित तेच: फोनशिवाय जितकं बोलाल, नकाशा बघाल, गाणी ऐकाल, तितकी संध्याकाळ लवकर येईल. आठवडे चालणारी गार्मिनसारखी घड्याळंही आहेत, पण ती चालतात कारण त्यांतली बहुतेक मॉडेल फोनची कामं करायला जातच नाहीत.

लिहिणं-वाचणं यावर फार शब्द खर्चायला नकोत. आलेला निरोप वाचायला, ‘हो, निघालो’ एवढं उत्तर द्यायला घड्याळ उत्तम. त्यापुढे बहुतेक वेळा बोलून लिहवावं लागतं, आणि चारचौघांत मनगटाशी बोलून खाजगी उत्तर देणं कुणाला जमेल ते त्याने बघावं.

कॅमेऱ्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे आणि ते फोटोंपुरतं नाही. सॅमसंगने २०१३ च्या गॅलेक्सी गिअरमध्ये पट्ट्यावर १.९ मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवला होता. आज मुलांसाठीची काही मॉडेल सोडली, तर मोठ्या कंपन्यांच्या घड्याळांत कॅमेरा सहसा नसतो. परिणाम असा की क्यूआर कोड स्कॅन करायचा असला, कागदपत्र टिपून पाठवायचं असलं किंवा व्हिडिओवर दिसायचं असलं, की घड्याळ हात टेकतं. मशीनला मनगट टेकवून पैसे देणं मात्र फोनपेक्षाही सोपं आहे. म्हणजे तुम्ही राहता तिथे लोक टेकवून पैसे देतात की स्कॅन करून, यावर तुमचा अर्धा निर्णय ठरतो.

ॲपची गोष्टही बोलकी आहे. घड्याळांचा गाजावाजा झाला तेव्हा सगळेच धावत आले. मग २०१७ मध्ये गूगल मॅप्स, ॲमेझॉन आणि ईबे ॲपल वॉचवरून गेले, पाठोपाठ २०१८ मध्ये इन्स्टाग्राम गेलं. मॅप्स २०२० मध्ये परतलं, आणि ते योग्यच, कारण वळण आलं की मनगटावर टकटक होणं हे खरोखर घड्याळाचं काम आहे. दुकान चाळणं नाही. पडदा नसलेलं उपकरण फोनची जागा घेईल असा दावा ह्युमेन कंपनीच्या एआय पिननेही, म्हणजे कपड्यांवर लावायच्या छोट्या एआय उपकरणानेही, केला होता. एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आलेली ती पिन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. घड्याळवाल्यांनी हा मोह टाळला, हे त्यांचं शहाणपण.

आता दुसरी बाजू, कारण काही बाबतींत फोनच मागे पडतो. घड्याळ अंगावर असतं. न्हाणीघरात पाय घसरला तर फोन बाहेर टेबलावर असतो. पडल्याचं ओळखून मदत बोलावण्याची सोय ॲपल वॉचमध्ये २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे, इतर कंपन्यांनीही ती आणली. त्याच घड्याळात ईसीजीही आला. त्याने हृदयाच्या ठोक्यांतली एका प्रकारची अनियमितता टिपता येते. हृदयविकाराचा झटका ते ओळखत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा. छातीत दुखत असताना घड्याळ ‘ठीक’ म्हणतं म्हणून थांबणं धोक्याचं आहे. पळताना, पोहताना, दोन्ही हात कामात असताना फोन म्हणजे ओझंच.

मग कुणी काय करावं? पळायला, फिरायला जाताना फोन नको असेल तर सेल्युलर घड्याळ घ्या, पैसे वसूल होतील. मूल शाळेत जाऊ लागलंय आणि कॉल करता यावा, ठिकाण कळावं, पण सोशल मीडिया नको, तर मुलाच्या पहिल्या फोनपेक्षा घड्याळ मला बरं वाटतं. आई-वडिलांसाठी घेणार असाल तर आधी त्यांना रोजचं चार्जिंग जमेल का ते पाहा. रात्री चार्जिंगला लावून सकाळी विसरलेलं घड्याळ पडण्याच्या वेळी काहीच कामाचं नाही. ज्यांचा धंदाच फोनवर चालतो, फोटो पाठवायचे, बिलं बघायची, बँकेची ॲप उघडायची, त्यांनी हा विचार सोडून द्यावा.

राहिले फोनला कंटाळलेले. त्यांच्यासाठी तिसरा पर्याय आहे आणि तो बहुतेक लेखांत येतच नाही: साधा बटणांचा फोन. तो स्वस्त असतो, बरेच दिवस चालतो, कुणाच्या जोडणीवर अवलंबून नसतो. ठोके आणि पावलं मोजत नाही, टेकवून पैसे देत नाही, पण नुसतं बोलण्यासाठी घड्याळापेक्षा भरवशाचा. शिवाय घड्याळाने नाद कमीच होईल असं नाही. फोनवरच्या सगळ्या सूचना जशाच्या तशा मनगटावर आल्या तर पूर्वी खिशात वाजायचं ते आता हाडापर्यंत पोचतं. पहिल्याच दिवशी कॉल आणि दोन-चार माणसांचे निरोप सोडून बाकी सगळं बंद करा.

खरेदीच्या आधी एक करून बघता येईल. दोन-तीन संध्याकाळी काहीच न घेता बाहेर जा आणि हात कशासाठी खिशाकडे गेला ते टिपून ठेवा. कॉल, वेळ, गाणी, वाट एवढंच निघालं तर सेल्युलर घड्याळ बघायला हरकत नाही. कॅमेरा, स्कॅन आणि लांबलचक उत्तरं निघाली तर पैसे राखून ठेवा.