चोकबेरी: काळी लावावी की लाल?

अमेरिकेच्या पूर्व भागातलं हे मूळचं झुडूप. न्यू जर्सीत घरामागे थोडी मोकळी जागा असेल, तर प्रश्न एवढाच: काळी की लाल?

खायची असेल तर काळीच लावा. साधारण चार-पाच फुटांत राहते आणि उन्हाळा सरता सरता काळ्याभोर फळांचे घोस लटकतात. ताजं फळ तोंडात टाकलं की कच्च्या जांभळासारखी जीभ आखडते. मी फळं आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवते. तुरटपणा थोडा उतरतो, मग सफरचंदाबरोबर शिजवून जॅम करते. रंग इतका गडद येतो, की पहिल्यांदा बरणी उन्हात धरून बघत बसले होते! 'वायकिंग' जातीचं फळ मोठं असतं.

लाल चोकबेरी आठ फुटांपर्यंत जाते आणि बुंध्याशी बोडकी दिसते. तिचं पान उलटून बोट फिरवा, मऊ लव लागेल. काळीचं पान गुळगुळीत. शरद ऋतूत लाल चोकबेरी कुंकवासारखी लालभडक होते आणि फळं थंडीतही टिकतात. शोभेला हीच.

दोघींना ओलसर जमीन चालते, एकटं झुडूपही फळतं. बुडाशी येणारे फुटवे मात्र दरवर्षी काढा.