हिरवी वीज घेताय? आधी ती कशापासून होते ते विचारा

एमआयडीसीतल्या कारखान्यासाठी ओपन अॅक्सेसने, म्हणजे स्थानिक वितरण कंपनीऐवजी आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून, हिरवी वीज घ्यायची असेल, तर सौर, बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) सहवीज आणि कोळशावरची सहवीज असे तीन पर्याय समोर येतात. सहवीज म्हणजे एकाच इंधनातून वाफ आणि वीज दोन्ही. 2022 च्या नियमांनी ही वाट 1 मेगावॅटऐवजी 100 किलोवॅट भारापासून खुली केली, त्यामुळे हा प्रश्न आता लहान उद्योजकांचाही झाला आहे.

सौरविजेबद्दल कायद्यात वाद नाही. अडचण एवढीच, की रात्रपाळीला ती नसते.

खरी गफलत सहविजेत होते. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 86(1)(ई) सहवीजनिर्मिती आणि नवीकरणीय स्रोत यांना एका दमात प्रोत्साहन देते. मग कोळसा जाळून वाफ आणि वीज दोन्ही काढणाराही त्यात बसतो का? शहाडच्या सेंच्युरी रेयॉनच्या प्रकरणात वीज अपिलीय न्यायाधिकरणाने एप्रिल 2010 मध्ये निकाल दिला, की स्वतःच्या सहविजेवर चालणाऱ्या उद्योगावर नवीकरणीय वीज खरेदीची सक्ती नाही, इंधन कोणतेही असो. मात्र डिसेंबर 2013 मध्ये लॉइड्स मेटल्सच्या प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाने स्पष्ट केले, की जीवाश्म इंधनाची सहवीज घेण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घालता येत नाही. म्हणजे ती सवलत निर्माण करणाऱ्याची. तुम्ही ती वीज विकत घेतलीत म्हणून ती हिरवी होत नाही. विक्रेता 2010 चा निकाल पुढे करत असेल, तर सरळ नाही म्हणा.

बगॅसची सहवीज मात्र चालते. केंद्रीय वीज नियामक आयोगाची कसोटी अशी: तयार झालेली वीज आणि उपयोगात आलेल्या उष्णतेचा निम्मा हिस्सा मिळून वापरलेल्या ऊर्जेच्या 45 टक्क्यांहून जास्त हवा. गाळप चालू असताना ही वीज रात्रीही मिळते, हा तिचा मोठा फायदा. पण हंगाम उरकला आणि साठवलेला बगॅस संपला, की बॉयलरमध्ये काय जाते?

मोठ्या जलविद्युतचेही पाहून ठेवा. 25 मेगावॅटवरचे प्रकल्प भारतात मार्च 2019 पासून नवीकरणीय ठरले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या नवीकरणीय वीज खरेदी कोट्यात मात्र साधारण 30 मेगावॅटची मर्यादा आहे. ऑक्टोबर 2023 च्या केंद्रीय अधिसूचनेने तारखेचीही अट घातली: सक्तीच्या नवीकरणीय विजेतल्या जलविद्युतच्या हिश्शात 31 मार्च 2024 नंतर सुरू झालेलेच प्रकल्प. 1960 मेगावॅटचे कोयना त्यामुळे 'इतर' या खान्यात जाते.

माझा कौल दिवसासाठी सौर आणि हंगामातल्या रात्रीसाठी बगॅस असा आहे. करारात बिगरहंगामी इंधनाचे नाव आणि प्रकल्प सुरू झाल्याची तारीख, दोन्ही लिहून घ्या.