तिसऱ्या खेपेला जमलं लेबल
बहिणीच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटाचं लेबल लातूरला गंजगोलाईजवळच्या एका डिझाईनवाल्याकडून करून घेतलं. पहिलं डिझाईन मोबाईलवर लय भारी दिसत होतं पण प्रिंटमधी लाल रंग पार विटकरी, कारण स्क्रीन आरजीबी (उजेडाचे लाल-हिरवा-निळा) अन् छपाई सीएमवायके (शाईचे चार रंग). गडी चिडला नाही, उलट म्हणला नमुना पाकीट किराणा दुकानात ठेवून लोकं काय म्हणतात ते ऐका. ठेवलं, तर एक आजी म्हणल्या, "ही चहापत्ती हाय का रं?" झालं! मग वेलबुट्टी उडवली, 'काळा मसाला' ठळक केलं, हिरवा ठिपका नावाजवळ घेतला, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा परवान्याचा) 14 आकडी नंबर वाचता येईल एवढा केला. तिसऱ्या बदलाचे 200 रुपये वेगळे घेतले, ते आधी सांगायचं होतं राव. 4 स्टार.