मंचरजवळच्या गॅरेजचा अनुभव: पिकअपचे मिसिंग, अंदाजाने नव्हे, मोजून काढलेले

माझा पिकअप चार सिलिंडरचा असून सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालतो. नारायणगावहून पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटो आणि भाजीपाला नेण्यासाठी तो जवळजवळ रोज रस्त्यावर असतो. १,१२,००० किलोमीटर झाले तेव्हा गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळेनासे झाले. वेगात असताना काही जाणवत नसे. पण चाकणच्या तळेगाव चौकात वाहतूक तुंबली आणि गाडी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून, उभी राहिली की इंजिन अडखळे, स्टिअरिंग थरथरे आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा चेक लाइट लुकलुकू लागे. हा दिवा नुसता लागून राहणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे. लुकलुकतो तेव्हा सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तिथे जळत असते, त्या उष्णतेने कन्व्हर्टर खराब होतो, आणि बीएस ६ गाडीचा कन्व्हर्टर बदलणे माझ्यासारख्या एकाच गाडीच्या मालकाला परवडणारे नाही.

या गॅरेजमध्ये येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी ९,२०० रुपये घालवले होते. तिथे स्कॅनर लावला, पी ०३०३ हा कोड आला, आणि तेवढ्यावरून चारही स्पार्क प्लग व तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलून थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा जाण्याचे तोंड) साफ करून दिली. चौथ्या दिवशी मिसिंग पुन्हा सुरू झाले. हा कोड तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग होत आहे इतकेच सांगतो. ते ठिणगीमुळे, इंधनामुळे की कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमधली हवा नीट दाबली न गेल्यामुळे), हे त्यातून कळत नाही. ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितली ती मंचरजवळच्या या मिस्त्रींनी. गाडी दाखवताच मी विचारले की आता काय बदलावे लागेल, तेव्हा ते म्हणाले, "मालक, आधी मोजू, मग खोलू."

त्यांनी पहिल्यांदा गाडी सीएनजीवरून पेट्रोलवर घेतली. मिसिंग फक्त गॅसवर असते तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर किंवा रेग्युलेटर यांच्यावर संशय गेला असता. पण ते दोन्ही इंधनांवर सारखेच राहिले. मग तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि इंजिन चालू ठेवले. कॉइल खराब असती तर कोड तिच्याबरोबर सरकून पी ०३०१ झाला असता. तो पी ०३०३ च राहिला. प्लगांचीही अशीच अदलाबदल झाली आणि उत्तर तेच आले. एक रुपयाचाही भाग न आणता वीस-पंचवीस मिनिटांत इथवरचा उलगडा झाला, आणि माझी आधी बदललेली कॉइल मुळात चांगलीच होती हेही कळले.

त्यानंतर सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर १७५ ते १८० पीएसआय दाखवत होता. तिसरा १०५ वर थांबला. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले, तरी काटा फारसा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वर गेला असता, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून होती. कोणत्या व्हॉल्व्हमधून, हे पाहण्याची त्यांची रीत मला फार आवडली. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली, कॉम्प्रेसर बंद केला आणि मला सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावायला सांगितले. तिथून बारीक, सलग फुसफुस ऐकू येत होती. म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. थ्रॉटलकडून मात्र काहीच आवाज नव्हता, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह ठीक होता.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा भाग, ज्याला कॅम दाबून व्हॉल्व्ह उघडतो. त्यावरचे कव्हर उघडल्यावर कारण दिसले. एक्झॉस्टच्या बाजूला कॅम आणि टॅपेटमध्ये साधारण पाव मिलिमीटर गॅप हवा, तिथे फट मोजण्याच्या फिलर गेजची सर्वांत पातळ पातसुद्धा शिरत नव्हती. सीएनजी कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) लवकर झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, थोडा थोडा वर सरकतो आणि गॅप कमी होत शेवटी संपतो. मग व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो. वेगात हवा निसटायला वेळच मिळत नाही म्हणून गाडी सुरळीत भासते आणि आयडलला मात्र अडखळते. माझ्या गाडीची चाकणमधली तक्रार याच्याशी तंतोतंत जुळत होती.

या इंजिनात स्क्रू फिरवून टॅपेट सेट करता येत नाही. योग्य जाडीचे टॅपेट बसवावे लागतात. मिस्त्रींनी जुने टॅपेट मायक्रोमीटरने मोजून पाच नवे पुण्याहून मागवले आणि कव्हरचे गॅस्केट बदलले. सीटवर जळाल्याच्या खुणा नसल्यामुळे हेड उतरवण्याची गरज पडली नाही, आणि तसे त्यांनी स्वतःहून सांगितले. हेडचे काम काढले असते तर मला नाही म्हणता आले नसते. काम झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन १६५ पर्यंत आले. एकूण खर्च ५,४०० रुपये झाला, त्यात मजुरी २,५०० रुपये. जुने टॅपेट कागदात गुंडाळून परत मिळाले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भाग येईपर्यंत गाडी तीन दिवस उभी राहिली आणि ऐन हंगामात भाड्याची गाडी करावी लागली. शेड अपुरी आहे, पावसात इंजिन उघडे ठेवणे मला बरे वाटले नाही. खर्चाचा अंदाज तोंडी देतात. तो लेखी मागून घ्यावा. फोन क्वचितच उचलला जातो.

आता अडीच महिने झाले. तळेगाव चौकात अर्धा तास उभे राहूनही इंजिन एका लयीत चालते आणि दिवा लागलेला नाही. पुढची गॅप तपासणी ४०,००० किलोमीटरनंतर करायला सांगितली आहे. या कामासाठी जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे सोडा, कारण टॅपेटचा गॅप इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजतात आणि सकाळी चालवत आणलेली गाडी ते दुपारपर्यंत उघडत नाहीत.