फॅक्टर आठ की एमिसिझुमॅब: आमच्या घरी काय ठरलं

मुलाला तीव्र हिमोफिलिया ए आहे (रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ हे प्रथिन शरीरात जवळपास नसतं) आणि ब्लीड, म्हणजे रक्तस्राव, व्हायची वाट न पाहता आधीच औषध द्यायचं नक्की झालं, की फॅक्टर आठच टोचायचं की त्याचं काम करणारं एमिसिझुमॅब, हा प्रश्न येतोच. (हिमोफिलिया बी असेल तर येत नाही. तिथे फॅक्टर नऊ कमी असतं, एमिसिझुमॅब चालत नाही.)

आम्ही अडीच वर्षं फॅक्टर आठ दिलं. औषधाबद्दल माझी तक्रार नाही. मूल पडलं, ऑपरेशन निघालं, तर डोस वाढवता येतो, हा मोठा आधार आहे. अडचण शिरेची. ते रक्तात ८ ते १२ तासांत निम्मं होतं, म्हणून आठवड्यातून तीनदा टोचायचं. पोर चार वर्षांचं, हात गुबगुबीत. धायरीहून सिंहगड रस्त्याची गर्दी व्हायच्या आत निघायचो. मग उजवा हात, डावा हात, शेवटी पाऊल. एका सोमवारी पाचव्यांदा टोचल्यावर शीर मिळाली. तोवर त्याने रडणंही सोडलं होतं. पुढचा बुधवार आम्हीच टाळला, आमच्याच्यानं होईना. शुक्रवारी गुडघा सुजला. बायकोच्या मामांना हाच आजार, त्यांचे दोन्ही गुडघे आखडलेले. ती त्या रात्री झोपली नाही.

एमिसिझुमॅब कातडीखाली देतात. पहिले चार आठवडे दर आठवड्याला, पुढे आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने. आम्ही पंधरवडा घेतला. घरीच, मांडीवर. फ्रिजमधून थोडं आधी काढून ठेवतो, गार असलं की जास्त चुरचुरतं. वर्ष झालं, आपोआप एकही ब्लीड नाही. एका पोराचा अनुभव आहे, तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं. शीर चटकन सापडत असेल आणि घरी टोचायला कुणी शिकलं असेल, तर फॅक्टर सोडायची घाई मीही करणार नाही. पण शिरेपायी डोस चुकत असतील, तर माझ्या मते फार थांबू नये.

डोस वजनावर ठरतो, म्हणून खर्च मात्र मुलाच्या आजच्या वजनावर नको, पाच वर्षांनंतरच्या वजनावर मांडा. इनहिबिटर (फॅक्टर आठला निकामी करणारी प्रतिपिंडं) असेल तर एपीसीसीबद्दल (अशा वेळी ब्लीड थांबवायला देतात ते औषध) आधीच विचारा. एमिसिझुमॅबसोबत त्याचे मोठे डोस दिल्यावर गुठळ्या झाल्या आहेत. एपीटीटीची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी एमिसिझुमॅबवर फसवी नॉर्मल येते, तेव्हा औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड दप्तरात हवं. आणि इनहिबिटर नसेल, तर मोठा मार लागल्यावर फॅक्टरच लागतं. आमच्या फ्रिजमध्ये त्याच्या दोन बाटल्या अजून असतात.